दोन ईस्टरच्या मधे

राकिता
जुनी २५ जानेवारी १९२९ (तुमची ७ फेब्रुवारी)

इरेमिया,

आजी लिहिते आहे. अजून मेले नाही.

तारखा दोन्ही घातल्या आहेत. मागच्या खेपेला तू कळवलंस की माझं उत्तर तुझ्या पत्राच्या आधीच्या तारखेचं आहे आणि म्हातारीचं डोकं फिरलं की काय. माझं डोकं जागेवर आहे. तुमच्या सरकारनं नवं कॅलेंडर आणून तेरा दिवस गिळले, ते मी अजून गिळलेले नाहीत, एवढाच फरक. पाद्री झालास, तेरा मिळवता येत नसतील तर बायकोला विचार, दोम्निका हुशार आहे.

इथलं ऐक. पाद्री साव्वांना संत निकोलसच्या सणानंतर शिपाई घेऊन गेले, त्यांना अजून सोडलेलं नाही. म्हातारा चर्चमध्ये उभा राहून म्हणाला, मी ईस्टर जुन्या हिशेबानं करणार, बोटांच्या पेरांवर मोजून, जसा माझ्या गुरूनं मोजला. बास, एवढंच म्हणाला. शिपायांनी दाराला दोरी बांधली, वर लाखेचा गोळा थापला. देवाला आत कोंडून गेले. आता आमच्याकडे बाळाला पाणी लावायला कोणी नाही आणि मेलेल्यावर चार ओळी म्हणायला कोणी नाही.

म्हणून तुला लिहिते. तुझ्या बहिणीचं लग्न करायचं आहे. पिंतिलिये तयार आहे, त्याची आई मार्गिओआला तयार आहे, तिचा डुक्कर तर माजून गोठ्याबाहेर यायला तयार आहे. जुन्या ११ फेब्रुवारीचा रविवार धरला आहे. पिंतिलियेला पलटणीचं बोलावणं आलंय, तुमच्या एप्रिलच्या मध्याला हजर व्हायचं, मग दोन वर्षं कोण कुठे. त्याच्या आत इलिंका त्या घरात सून म्हणून बसली पाहिजे.

कचेरीत जाऊन सही करा म्हणशील. सहीनं कोणी पोर घरात घेत नाही, पाद्र्यानं लग्नाचा मुकुट डोक्यावर ठेवल्याशिवाय मार्गिओआला चुलीला हात लावू देणार नाही. तू ये. दोन मुकुट आण, तुझी ती गळ्यातली जरीची पट्टी आण. लैझर किराणावाला दर आठवड्याला मोविलाच्या बाजाराला येतो, त्याच्याच हाती हे पत्र आहे आणि त्याच्याच हाती उत्तर दे.

मोठं अक्षर काढ. तू नव्या लिपीत लिहितोस, मला साव्वांनी शिकवलेलीच अक्षरं येतात. तुझी पत्रं इलिंकाच वाचून दाखवते, तीही तुझ्या बारीक अक्षरावर चिडते.

आजी

•

मोविला
१२ फेब्रुवारी १९२९

प्रिय आजी,

तुझ्या हाताला ओठ लावून लिहितो.

इलिंकाच्या लग्नाची बातमी वाचून दोम्निकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आनंद झाला. पण आजी, तू म्हणतेस त्या रविवारी मला येता येणार नाही. ईस्टरआधीचा मोठा उपास कालपासून सुरू झाला. उपासात पाद्री कोणाच्या डोक्यावर मुकुट ठेवू शकत नाही, हे मी तुला सांगायला हवं का? लहानपणी उपासात मी शिट्टी वाजवली तरी तू कान पिळायचीस.

तू म्हणशील, उपास तर अजून लांब आहे. तुमचा लांब आहे. बुखारेस्तच्या बिशपांच्या सभेनं ठरवलं आहे की यंदाचा ईस्टर ३१ मार्चला. यात कोणाची लहर नाही. नियम सोळाशे वर्षांपूर्वीचा आहे: वसंतात दिवस आणि रात्र सारखे होतात, त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्या नंतरचा रविवार. दिवस-रात्र सारखे होण्याचा दिवस २१ मार्च धरायचा. आता जुनं कॅलेंडर इतक्या शतकांत तेरा दिवस मागे पडलं, म्हणून त्याचा २१ मार्च खऱ्या ३ एप्रिलला येतो. खरी पौर्णिमा २५ मार्चला आहे. जुना हिशेब तिला हिवाळ्यातली समजून सोडून देतो आणि पुढच्या पौर्णिमेची वाट पाहतो. त्यात जुन्या तक्त्यातला चंद्रही आकाशातल्या चंद्राच्या मागे चालतो. तो तक्त्यातला चंद्र नेमका रविवारी पडतो, म्हणून आणखी एक आठवडा. असं करत करत तुमचा ईस्टर ५ मेला जातो. पाच आठवड्यांची चूक आहे, आजी. तू स्वतः बाहेर जाऊन चंद्र बघ.

ईस्टरनंतरचा उजळ आठवडा संपला की पहिला रविवार ७ एप्रिलचा. त्या दिवशी मी इलिंकाचं लग्न लावतो, पिंतिलिये निघायच्या आधी. माझा शब्द आहे.

इथे मोविलातही लोक जुन्या तारखा धरून बसलेत, माझी परीक्षा चालू आहे. काल उपासाची पहिली प्रार्थना होती, आणि चर्चच्या समोर कोणीतरी मुद्दाम सॉसेज भाजत होतं.

तुझा
इरेमिया

•

राकिता
जुनी ४ फेब्रुवारी (तुमची १७)

इरेमिया,

चंद्र बघितला. गोल होता. त्यानं बुखारेस्तचं नाव काढलं नाही.

तुझा हिशेब इलिंकानं दोनदा वाचला. मला समजला. तुला वाटत असेल नाही समजला, पण साव्वा पेरांवर मोजायचे तेव्हा मी शेजारीच सूत कातत बसलेली असायचे. तुझा चंद्र बरोबर असेलही. पण ईस्टर चंद्र करत नाही, गाव करतं. सात एप्रिलला आमच्या उपासाचा तिसरा आठवडा संपत असेल. घराघरांत घेवडा शिजत असेल, अंगणात नाच नाही, वाजंत्री नाही, दारूचा थेंब नाही. मार्गिओआलाला मी विचारून पाहिलं. ती म्हणाली, "उपासात सून आणू? मग गुड फ्रायडेला बारसं करू का? तुझ्या नातवाला सांग, त्याच्या बिशपाच्या घरी नेऊन दे पोरगी."

म्हणजे तुझा उपास सुरू म्हणून आता नाही, आणि आमचा सुरू म्हणून तेव्हा नाही. दोघांचे उपास संपतील तोवर पिंतिलिये बंदूक घेऊन कुठल्या तरी डोंगरावर. शाबास. सोळाशे वर्षं विचार करून हे काढलंत.

गावात आणखी एक नियम सांगतात, तो तू विसरलास की मुद्दाम सोडलास? आपला ईस्टर ज्यूंच्या सणाच्या आधी येता कामा नये. म्हणून सगळे लैझरच्या दुकानात जाऊन विचारतात, बिनखमिराच्या भाकरीचं पीठ कधी दळणार. तो म्हणतो, एप्रिल संपता संपता. की लगेच माना डोलावतात, बघा, पाद्री खोटे. परवा लैझर वैतागला. मीठ मोजता मोजता म्हणाला, "झामफिराबाई, तुमच्या सणाचं ओझं माझ्या सणावर नका टाकू हो. भांडाल तुम्ही, आणि काच फुटेल माझी."

आता खरं लिहिते. हे पत्र मी इलिंकाला दाखवलेलं नाही, जुन्या अक्षरांत आहे तरी तिला वाचता येतं म्हणून झाकून लिहिते. परकराची नाडी ती सैल बांधायला लागली आहे. मी काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही, पण सकाळी चुलीवरच्या आंबट बोर्शचा वास आला की गोठ्यामागे पळते. डुक्कर थांबेल, इरेमिया. पोटातलं थांबत नाही. मार्गिओआलाला कळलं आणि मुकुट नसला तर ती म्हणेल माझ्या पोराचं कशावरून. तिची जीभ तुला माहीत आहे. माझ्याइतकीच आहे.

तेव्हा ये. तुझा उपास मोड, पाप माझ्या डोक्यावर. जागा आहे अजून.

आजी

•

मोविला
२३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझं पत्र वाचलं.

आईबाप गेल्यावर तू आम्हाला दोघांना वाढवलंस. मी काय बनलो ते तू पाहतेस. ती काय बनली? आईवेगळी असली म्हणून चवचाल होण्याची मुभा तिला कोणी दिली नव्हती. मी पाद्री आहे, लोक माझ्याकडे बघतात, आणि माझ्याच घरात हे. मोविलातल्या लोकांना हे कळलं तर सॉसेज भाजण्यावर थांबणार नाहीत ते.

तरी ती माझी बहीण आहे. उपासात मी मुकुट ठेवणार नाही, ते माझ्या हातात नाही. पण ७ एप्रिलला दोघांना इकडे मोविलाला पाठव, गुपचूप, मार्गिओआलाला न सांगता. पिंतिलिये खरा असेल तर येईल. चर्चमध्ये दार लावून मी लग्न लावीन, दोम्निका आणि चर्चचा गायक साक्षीला राहतील. माझ्या ईस्टरनंतरचा रविवार आहे तो, माझ्याकडून त्यात काही खोट नाही. एकदा मुकुट चढला की तुमच्या उपासातला असो की कशातला, तो उतरवता येत नाही. मार्गिओआला ओरडेल आणि मग गप्प बसेल.

तिला म्हणावं तोवर कोणाच्या डोळ्यांत भरेल असं हिंडू नकोस.

इरेमिया

•

राकिता
जुनी २० फेब्रुवारी (तुमची ५ मार्च)

इरेमिया,

तुझं पत्र कोण वाचून दाखवतं ते तू विसरलास.

ती खिडकीशी उभी राहून वाचत होती. अडखळली नाही. तो शब्दही वाचला, जसा मीठ, रॉकेल वाचावं तसा. शेवटपर्यंत वाचून घडी घातली आणि मला म्हणाली, "परत वाचू का, आजी? दादाचं अक्षर यावेळी चांगलं आहे." मी म्हटलं नको. मग ती गाईला पाणी दाखवायला गेली.

मी तुझे कान आणखी पिळायला हवे होते.

असू दे. तुझी युक्ती चांगली आहे, तेवढी मान्य करते. पिंतिलियेला मी विहिरीवर गाठलं. तो आईला घाबरतो, पण पळणारा नाही. कान लाल झाले त्याचे. म्हणाला, "मी येतो, आजी. मामाची घोडी मागून आणतो. पण उपासातलं लग्न खरं धरतील ना?" मी म्हटलं, तिकडे तेव्हा उपास नसेल, गाढवा, तिकडे ईस्टर होऊन गेलेला असेल, तीस वर्स्त अंतर गाडी हाकली की माणूस पुढच्या महिन्यात जातो. त्यानं बोटांवर मोजून पाहिलं. मग हसला. बऱ्याच दिवसांनी इलिंकाही हसली, मी तिला हे सांगितलं तेव्हा. "म्हणजे सोमवारी परत आलो की पुन्हा उपासात," म्हणाली. "लग्नाचं जेवण इथे घेवडाच."

माझ्या लग्नातला पांढरा सदरा काढलाय तिनं, बगलेत सैल करते आहे. रात्री नाही, दिवसाच करते, दार उघडं ठेवून. कोणी विचारलं तर माझ्यासाठी आहे म्हणते, मला त्यातच पुरायचं आहे म्हणून. गावात सगळ्यांना पटतं.

तेव्हा शनिवारी निघतील. मी जन्मभर तुझ्या त्या नव्या तारखांवर थुंकले, पण यावेळी त्यांच्यावरच सगळं टेकलंय. तू फक्त दार उघडं ठेव. त्यात बदल करू नकोस.

आजी

•

मोविला
१ एप्रिल १९२९

प्रिय आजी,

सगळं सांगितल्याशिवाय तुला समजणार नाही, म्हणून सगळं लिहितो.

शनिवारी मध्यरात्री मी ईस्टरची प्रार्थना सुरू केली. चर्चमध्ये दोम्निका होती, गायक होता, शाळामास्तर होता, आणि सरकारनं पाठवलेले दोन शिपाई, त्यातला एक झोपला. मी मेणबत्ती घेऊन दारात आलो आणि 'ख्रिस्त उठला आहे' म्हणालो. दरवर्षी इथे चारशे तोंडं उत्तर देतात. काल बायकोनं दिलं. अंगण रिकामं होतं, कुंपणापलीकडे पोरं उभी होती आणि कोंबड्यासारखी आरवत होती. लाल अंडी आणि गोड पाव आशीर्वादासाठी मांडायला बाक लावले होते, त्यावर एकच टोपली होती, आमची.

सकाळी वयस्कर मंडळी घरी आली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्यात म्हातारा हारितोन म्हणाला, "पाद्रीबाबा, आमच्या बापांच्या थडग्यांवर तुम्हीच प्रार्थना म्हणता. ते कुठल्या ईस्टरला उठतील, आज की मेमध्ये? तुम्ही सांगा, आम्ही ऐकतो."  माझ्याजवळ चंद्राचा सगळा हिशेब होता आणि तो त्यांच्या प्रश्नाला लागू पडत नव्हता.

मग मी केलं ते तू हिवाळाभर मला सांगत होतीस. सगळ्यांसमोर क्रूसाला ओठ लावले आणि म्हणालो, आज ईस्टर नव्हता. माझा ईस्टर ५ मेला, तुमच्याबरोबर. आजपासून मी तुमच्या उपासात आहे. बायका रडल्या. हारितोननं माझा हात धरला. दोम्निकानं लोणी उचलून तळघरात ठेवलं. माझी जागा जाईल, कदाचित साव्वांसारखंच नेतील. पण आजी, दोन वर्षांत पहिल्यांदा मला पाद्री झाल्यासारखं वाटलं. तू खूश होशील.

आता इलिंकाचं. ७ तारखेला मला आता लग्न लावता येणार नाही. काल शपथ घेऊन सांगितलं की मी उपासात आहे, आणि आठवड्यात माझ्याच बहिणीच्या डोक्यावर मुकुट ठेवला हे बाहेर पडलं, तर माझ्या शब्दाची किंमत काय? बाहेर पडेलच, गायकाचं तोंड तुला माहीत नाही. १२ मेला, खऱ्या ईस्टरनंतर, मी स्वतः राकिताला येतो, दारावरची दोरी तोडतो आणि तुमच्याच चर्चमध्ये, मार्गिओआलाच्या समोर लग्न लावतो. पिंतिलियेला पलटणीतून चार दिवसांची सुट्टी मिळेल, मागून बघायला सांग. इलिंकाला म्हणावं थोडा धीर धर. आता आपण सगळे एकाच तारखेवर आहोत.

तुझा
इरेमिया

•

राकिता
जुनी २१ मार्च (तुमची ३ एप्रिल), बुधवार

इरेमिया,

इलिंका गेली. आज सकाळी रऊत नदीवर पाय घसरला. बर्फ वितळून रऊत चढली आहे. गिरणीच्या खाली सापडली, पिंतिलियेनंच काढली.

तुझं पत्र काल लैझरनं दिलं. तिनं वाचून दाखवलं.

मी आता रडत बसलेली नाही, काम सांगते, ते कर. तुमच्या तारखेनं ईस्टर रविवारी झाला. म्हणजे हा उजळ आठवडा. या आठवड्यात मेलेल्याला कोणी काही विचारत नाही, स्वर्गाची दारं सताड उघडी असतात, कोणी कसा का येईना. हे तूच मला लहानपणी शाळेतून येऊन सांगितलंस, आणि मी तेव्हाही तुला म्हटलं होतं की ते मला ठाऊक आहे. या आठवड्यात पुरताना रडगाणी म्हणत नाहीत, ईस्टरची गाणी म्हणतात.

आमच्या हिशेबानं ती मोठ्या उपासात मेली. गावात बायका कुजबुजताहेत, खरंच घसरला का, की आपणहून गेली. आमच्या हिशेबानं तिला कबरस्तानाच्या कुंपणाच्या आत जागा मिळणार नाही.

तेव्हा तुझ्या हिशेबानं ये. मी तो मानते. लेखी देते, हे बघ: ईस्टर ३१ मार्चला झाला, बिशपांची सभा बरोबर, चंद्र बरोबर, मी चूक, साव्वा चूक, राकिता सगळं चूक. शनिवारपर्यंत हा आठवडा आहे. लैझर आत्ता निघतोय, दुकान बंद करून. त्याच्याच गाडीत बसून ये. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा शब्बाथ लागतो, त्याच्या आत त्याला घरी पोचावं लागतं, तेव्हा उशीर करू नकोस.

एकदाच गा. मग मेमध्ये काय करायचं ते कर.

आजी

•

मोविला
४ एप्रिल, गुरुवार

आजी,

लैझर दारात उभा आहे, घोड्याला पाणी पाजतोय, मी लिहितो आहे आणि अक्षर दिसत नाही.

मी येऊ शकत नाही. मला भावासारखं यावंसं वाटतं, पण मी नुसता भाऊ म्हणून कसा येऊ? झगा काढून आलो तर तुझ्या कामाचा नाही, घालून आलो तर गाणं म्हणावं लागेल. आणि रविवारी मी क्रूसाला ओठ लावून म्हणालो की हा उजळ आठवडा नाही. गुरुवारी बहिणीसाठी म्हणू की आहे? मग मी खोटं कोणाशी बोललो? चारशे माणसं माझ्यावर विसंबून जेवणातलं तेल सोडून बसली आहेत. हारितोनला तोंड कसं दाखवू?

उपासातला अंत्यविधी मला करता येतो, पण त्यालाही नियम आहे, आपणहून जीव देणाऱ्यासाठी तो करता येत नाही, तुला ठाऊक आहे. तू लिहितेस पाय घसरला. आजी, देवाला स्मरून सांग, घसरला का? दोन साक्षीदारांकडून तसं लिहून घे आणि पाठव, म्हणजे मी पुढच्या आठवड्यात येतो आणि कुंपणाच्या आत जागा मिळेल असं बघतो. तोवर तिला ठेवता येत नसेल तर तात्पुरतं कुठे तरी.

माझं पत्र तिनंच वाचलं का? सगळं? ते मला सांग.

इरेमिया

•

राकिता
जुनी २६ मार्च (तुमची ८ एप्रिल)

इरेमिया,

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी लैझरनं वाचून दाखवलं, आता दुसरं कोणी नाही वाचायला. गाडीतून उतरला तेव्हाच मला कळलं, एकटा होता. त्यानं हळू हळू वाचलं. "तात्पुरतं कुठे तरी" इथे आला आणि थांबला, म्हणाला, "झामफिराबाई, इथे शाई सांडली आहे." सांडलेली नव्हती. मी बोट ठेवून विचारलं तेव्हा वाचलं.

तू विचारलंस ते सांगते. होय, तिनंच वाचलं. सगळं. 'धीर धर' वाचलं, 'तू खूश होशील' वाचलं. चेहरा करून दाखवला नाही, तशी ती कधीच नव्हती. शेवटी विचारलं, "पलटणीत सुट्टी देतात का गं?" मी म्हटलं, मला काय माहीत. मला खरंच माहीत नव्हतं. दुसरं काही सुचलं असतं तर म्हटलं असतं.

आणि शपथेवर हवंय ना तुला? साक्षीदार नाहीत, मीच आहे. पाय घसरला असं मी लिहिलं. पाण्याला जाताना बाई बादली नेते. बादली घरातच होती. मला एवढं माहीत आहे, पुढचं मी विचारलेलं नाही. तुझ्या नियमाला ते पुरत असेल.

शनिवारपर्यंत ठेवता आलं नसतं, आणि शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत लैझरला मेणबत्त्या लावायच्या होत्या. गाडी जुंपलेलीच होती. त्यानं मागचं फळकुट खाली केलं. पिंतिलियेनं आणि मी तिला ठेवली. अंगात तो पांढरा सदरा. कबरस्तानाच्या दारात मार्गिओआला आणि आणखी बायका उभ्या होत्या, मारायला नव्हे, दार लावून उभ्या. मार्गिओआला म्हणाली, "झामफिरा, तुझ्यावर राग नाही. पण उपास आहे, आणि ती कशी गेली सगळ्यांना माहीत आहे. माझ्या नवऱ्याशेजारी नाही." मी म्हटलं, आज उपास नाही. आज उजळ आठवड्यातला शुक्रवार आहे. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. हिवाळाभर मीच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते ना. एक जण म्हणाली, म्हातारी सरकली.

कुंपणाबाहेर, बाभळीकडे, पिंतिलियेनं खणलं. माती ओली होती, लवकर झालं. त्याच्या हातून झालं तेवढंच, तो पोरगा आठवड्याभरात जाईल आणि मला वाटतं परत येणार नाही, युद्ध नसलं तरी.

मग मी गायले. माझा आवाज तुला माहीत आहे, कोंबडीची मान पिळल्यासारखा. ईस्टरचं गाणं तीनदा म्हणतात, मी तीनदा म्हटलं. मग जसं पाद्री म्हणतो तसं कुंपणाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे."

कुंपणाआड वीस बायका होत्या. त्यातल्या एकीला मी बाळंतपणात हातांनी ओढून वाचवलंय. त्या सगळ्यांना पुढचे शब्द पाठ आहेत, झोपेत म्हणतात. पण तारीख त्यांची नव्हती. पिंतिलियेचे ओठ हलले असं मला वाटलं, त्याच्या आईनं कुंपणातून हात घालून त्याची बाही धरली. लैझर घोड्याचा लगाम धरून जमिनीकडे बघत होता. ते शब्द त्याचे नाहीत, त्याच्याकडून कसे घेऊ? मी परत म्हटलं. मग तिसऱ्यांदा. त्यानंतर माझी मीच म्हटलं, "खरोखर उठला आहे," कारण कोणीतरी म्हणायला हवं, नाहीतर ते पुरं होत नाही.

पुरं झालं की नाही मला माहीत नाही. एका तोंडानं दोन्ही बाजू म्हटल्या तर धरतात का, हे तुला विचारलं असतं. तू शिकलेला आहेस. आता नको सांगूस.

घरी आल्यावर अंडं उकडलं, कांद्याच्या सालीत, लाल झालं. दारात बसून खाल्लं, रस्त्यावरून सगळं गाव जाताना. चव लागली नाही. सत्तर वर्षांत उपासात पहिल्यांदा अंडं खाल्लं. कोणी थुंकलं नाही, सगळ्यांनी नजर दुसरीकडे केली, त्याचंच वाईट वाटलं.

तू तुझ्या गावाबरोबर राहा. हारितोनचा हात सोडू नकोस, तुला तोच पुरेल. पाच मेला तुमच्या घंटा वाजतील, चारशे तोंडं उत्तर देतील, तुला बरं वाटेल. दोम्निका लोणी वर आणेल. मला बोलावू नकोस आणि तिच्यासाठी मेणबत्ती लावू नकोस, तुझ्या हिशेबानं ती उपासात मेली.

माझ्या घरी ईस्टर होऊन गेला.

झामफिरा